मामंजी आणि फाट्यावरची गाडी

त्या दिवशी ग्वाल्हेर दरबारची रेल्वे भारत सरकारची झाली. मामंजी ऑफिसात गेले, कागदावर सही केली आणि घरी आले. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "गाडी दिली."

सासूबाई म्हणाल्या, "हात धुऊन घ्या. पानं घेतली आहेत."

मामंजींनी हात धुतले आणि ते जेवायला बसले. आमटीत मीठ पडलं नव्हतं. ते त्यांनी सांगितलं नाही. मी पहिला घास घेतला तेव्हा मला कळलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. ग्वाल्हेर संस्थानाच्या छोट्या रेल्वेत ते ट्रॅफिकचे मोठे अधिकारी होते. ती रेल्वे खरोखरच छोटी होती. दोन रुळांमधलं अंतर एका ढांगेहून कमी. डब्यात समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागायचा, म्हणून छोट्या गाडीत माणूस फार वेळ अनोळखी राहत नसे. शहरात ती रस्त्याच्या कडेकडेनं चाले. टांगेवाले तिच्याशी शर्यत लावत आणि पुष्कळदा जिंकत. मामंजींना कोणी यावरून चिडवलं तर ते म्हणत, "घोड्याला भूक लागते तेव्हा तो थांबतो. माझी गाडी ठरलेल्या ठिकाणी थांबते. दोघांचं ज्याचं त्याला ठीक आहे."

माझं माहेर मिरजेचं. मला पाहायला ही मंडळी आली तेव्हा मामंजींनी माझ्या वडिलांना पहिला प्रश्न विचारला तो हुंड्याचा नव्हता, पत्रिकेचा नव्हता. "आपल्या घरातून स्टेशन दिसतं का?" माझे वडील गोंधळले. म्हणाले, दिसत नाही, पण शिट्टी ऐकू येते. "चालेल," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मुली, तुला गाडीत झोप लागते का?" मी खरं ते सांगितलं, की लागत नाही, कारण मला खिडकीतून बघायचं असतं. त्यांनी तिथल्या तिथे गुळाचा खडा तोंडात टाकला आणि सासूबाईंना म्हणाले, "झालं. उठा."

ज्या गावाला स्टेशन नाही, त्या गावाशी त्यांनी घरातली सोयरीक कधी होऊ दिली नाही. नात्यातली दोन चांगली स्थळं त्यांनी या एका कारणानं मोडली. सासूबाईंनी त्यावरून त्यांना कितीतरी वर्षं ऐकवलं. "मुलगा वकील होता, घरची शेती होती. पण नाही! स्टेशन नव्हतं न!" मामंजी शांतपणे म्हणायचे, "पोरीला माहेरची आठवण आली तर ती काय वकिलावर बसून येणार?"

मी लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले तेव्हा मला इथली मराठी विचित्र वाटली. सासूबाई मोलकरणीशी हिंदीत, माझ्याशी मराठीत आणि देवाशी दोन्हीत बोलत. "कशाला परेशान होतेस," "सांगून दे त्याला," असं चालायचं. मी पुस्तकं वाचणारी, शाळेत शिकवणारी मुलगी. मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करत असे. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मीच महाराज बाड्याच्या चौकातल्या भाजीवाल्याला "बिलकुल ताजी आहे न?" असं विचारते आहे. तेव्हापासून मी दुरुस्त करणं सोडलं.

मामंजींच्या सवयी सांगायच्या तर त्यांना अंत नाही. घरात ते "प्रवासी" हा शब्द वापरत नसत, "पाहुणे" म्हणत. "आज फाट्यावर पाहुणे बरे होते." दर रविवारी ते शिंदेशाही पगडी आणि काळा कोट घालून, काहीही काम नसताना, एखाद्या गाडीनं शेवटच्या स्टेशनपर्यंत जात आणि परतीच्या गाडीनं येत. त्यांना पहिल्या वर्गाचा पास होता, पण ते तिसऱ्या वर्गात बसत. कोण कुठे निघालं आहे हे त्यांना माहीत असायचं. संध्याकाळी चहा पिताना सांगायचे, "तहसीलदाराच्या मुनीमाची लेक माहेरी आली. मुलाचे कान त्याच्या आजोबांवर गेलेत." सासूबाई विचारत, "तुम्हाला कोणी सांगितलं?" "पाहिले न कान."

गाडी दिल्यावर त्यांचं पद बदललं. नावापुढे साहाय्यक हा शब्द आला आणि वर एक तरुण अधिकारी आला. त्याचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही. त्यांना चिंता होती ती वेगळीच. म्हणायचे, "गाडी मोठ्या घरात पडली आहे. चांगलं झालं. पण मोठ्या घरात धाकट्या सुनेच्या पानात काय पडतं, ते बघायला हवं."

ते लवकरच दिसलं. छोट्या लाइनीचा एक फाटा एका तहसिलीच्या गावापर्यंत जात होता. त्याच्यावर सकाळी एक पॅसेंजर जायची आणि दुपारनंतर तीच परत यायची. मधली स्टेशनं म्हणजे एकेक खोली आणि एकेक कडुनिंब. या गाडीनं दरबारला कधी काही मिळवून दिलं नव्हतं. दरबारनं तसं कधी विचारलंही नव्हतं. आता मुंबईच्या मुख्य कचेरीतून विचारणा झाली: या गाडीचा तोटा केंद्र सरकारनं का सोसावा? एक मोठे साहेब स्वतः येऊन पाहणार होते. गाडीत माणसं दिसली तर ती राहील, नाही तर फाट्यावरून फक्त मालगाडी जाईल.

मामंजींनी त्याआधीचा रविवार फाट्यावर घालवला. प्रत्येक स्टेशनवर उतरून त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं, अमुक दिवशी बंबईहून साहेब येताहेत, ज्याचं जे काम असेल ते त्या दिवसासाठी ठेवा आणि या. लोकांनी मान डोलावली. मामंजी खुशीत घरी आले. "सगळे येणार आहेत," ते म्हणाले.

साहेब पत्नीला घेऊन येणार असं कळलं. बाईंशी इंग्रजीत बोलायला कोणीतरी हवं म्हणून मामंजींनी मला बरोबर घेतलं. सकाळी आम्ही स्टेशनवर पोचलो आणि मी गाडी पाहिली. इंजिनाला झेंडूच्या माळा होत्या. पुढे दोन्ही बाजूंना भगवी निशाणं. डब्यांच्या दांड्यांना लाल कापड गुंडाळलेलं. साहेबांच्या डब्यासमोर फलाटावर लाल जाजम होतं आणि त्याच्या टोकाला दरबारच्या वेळचा जुना सनईवाला बसला होता; तो गाडीतही बरोबर येणार होता. हे सगळं मामंजींनी मांडलं होतं. पाहुणा घरी यायचा आणि दाराला तोरण नाही, हे त्यांना सुचणंच शक्य नव्हतं.

साहेब दक्षिणेकडचे, उंच, हळू बोलणारे गृहस्थ होते. इंग्रजीतच बोलत. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत देते. जाजमाकडे पाहून ते म्हणाले, "माझ्या लग्नातसुद्धा एवढं नव्हतं." त्यांच्या पत्नी हसल्या. "होतं. तुमचं लक्ष नव्हतं."

गाडी निघाली. पहिलं स्टेशन आलं. फलाट माणसांनी भरला होता. धुतलेली धोतरं, मुंडासी, बायकांच्या डोक्यावर कलश. गाडी थांबली तसे सगळे हात जोडून झुकले. कोणीतरी साहेबांच्या खिडकीतून पेरूंची टोपली आत दिली. शिट्टी झाली. गाडी हलली. एकही माणूस चढला नाही.

मामंजींना वाटलं, गावकरी बावरले असतील. पण पुढच्या स्टेशनांवरही तेच झालं, तेव्हा एका ठिकाणी ते स्वतः खाली उतरले. "बैठो भाई, बैठो! जगह ही जगह है."

समोर एक म्हातारी होती, हातात बोचकं. तहसिलीच्या बाजाराला जाणारी होती हे दिसतच होतं. ती म्हणाली, "हम कैसे बैठें हुजूर? सरकार विराजे हैं. हम कल चले जाएँगे."

आणि तेव्हा मामंजींना समजलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. दरबारच्या दिवसांत महाराजांची स्वारी गाडीत असली की रयत त्या गाडीत चढत नसे. तसा हुकूम नव्हता, पण ते शोभत नसे. लोक स्टेशनवर यायचे, मुजरा करायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आपल्या कामाला जायचे. आज लोक मामंजींच्या शब्दाखातर खरंच जायला आले होते. कित्येकांच्या हातात बोचकी होती. पण समोर निशाणं आली, माळा आल्या, लाल कापड आलं. स्वारी आली म्हटल्यावर ते मागे सरले. मामंजींनी स्वतःच्या हातांनी ती गाडी रिकामी केली होती.

तहसिलीच्या गावापर्यंत हेच चाललं. फलाट भरलेले, डबे रिकामे. साहेबांच्या पत्नी मला म्हणाल्या, "किती प्रेम आहे हो लोकांचं!" साहेब टिपण करत होते. मान वर करून ते मामंजींना म्हणाले, "मला माणसं दिसताहेत. पण मला प्रवासी लिहायचे आहेत."

शेवटच्या स्टेशनवर कडुनिंबाखाली जेवण झालं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, साहेबांसाठी मुद्दाम दहीभात. मामंजींनी काही खाल्लं नाही. ते साहेबांना म्हणाले, "साहेब, गावातल्या विहिरीनं यंदा किती कमावलं, असं कोणी विचारतं का?"

साहेबांनी दहीभाताचा घास खाली ठेवला. "विहीर गाव खणतं, आणि दोर तुटला तर गावच नवा आणतं. या विहिरीचा दोर सगळ्या देशानं का आणायचा, ते मला सांगा. मी मनापासून विचारतो आहे."

मामंजींनी न शिवलेलं पान बाजूला सारलं. ते उठून गाडीकडे गेले.

त्यांनी निशाणं काढली. माळा तोडल्या. लाल कापड सोडून त्याची घडी केली. गार्ड धावत आला तर त्यालाही हाकलला. मग कोट काढला, पगडी काढली, ती माझ्या हातात दिली आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, दाराजवळच्या बाकावर, नुसत्या सदऱ्यात जाऊन बसले. इथे स्वारीबिरी काही नाही हे लोकांना दिसावं, एवढाच त्यांचा हेतू होता. साहेबांच्या पत्नींना डुलकी लागली होती, म्हणून मीही मामंजींच्या डब्यात बसले. त्यांचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शेंडीभोवतीचा केसांचा घेरा अगदी पांढरा होता.

परतीच्या वाटेवर पहिल्याच स्टेशनला लोक पुन्हा फलाटावर होते. त्यांनी मामंजींना पाहिलं आणि कुजबूज थांबली. त्या मुलखात पगडीचा माणूस उघड्या डोक्यानं प्रवास करतो तो एकाच कारणानं. एक म्हातारा पुढे आला, दारातून आत चढला आणि मामंजींच्या शेजारी बसला. त्याच्यामागून आणखी काही चढले. घरात मौत झालेल्या माणसाला एकटं जाऊ देत नाहीत.

"अरे, कोई नहीं गया," मामंजी म्हणाले.

म्हाताऱ्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असं दुःखात सगळेच म्हणतात, अशा अर्थानं त्यानं मान हलवली.

पुढच्या स्टेशनला सकाळची ती बोचकेवाली म्हातारी होती. दोन मुलांना बाजूला सारून ती वर आली, मामंजींच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा. "कौन चला गया, भैया?"

मामंजींनी मग तिला सगळं सांगितलं. कोणी गेलेलं नाही, घरी सगळे खुशाल आहेत. साहेब बघायला आले आहेत की या गाडीत कोणी बसतं की नाही. नाही बसलं तर गाडी बंद होईल.

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकदम उसळली. "तो सबेरे काहे नहीं बोले? हम तो इज्जत कर रहे थे! झंडी-माला लगाके लाओगे तो कौन चढ़ेगा?"

"गलती हो गई, अम्मा."

"पढ़े-लिखे हो, बाल सफेद हो गए..." ती पुटपुटली. मग माझ्याकडे वळून, "बहू, ये टोपी दे इनके सर पे. मनहूस लगते हैं." मी पगडी दिली. मामंजींनी ती मुकाट्यानं घातली. पण म्हातारी खाली उतरली नाही. तिला ग्वाल्हेरला काही काम नव्हतं, तरी नाही. पुढच्या प्रत्येक स्टेशनला ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडायची, "चढ़ो रे, चढ़ो! सरकार-वरकार कोई नहीं है, अपने ही लोग हैं!" आणि सनईवाल्याला म्हणाली, "तू चुप बैठ." तो सकाळपासून वाजवून दमला होता. तो आनंदानं गप्प बसला.

ग्वाल्हेरच्या स्टेशनात गाडी शिरली तेव्हा लोक दांड्यांना लोंबकळत होते. साहेब खाली उतरले आणि पाहत राहिले. त्यांनी मामंजींना बाजूला बोलावलं.

"सकाळी कोणी नव्हतं. आता हे. यातलं खरं कुठलं?"

मला वाटलं, मामंजी म्हणतील, हे. एवढंच म्हणायचं होतं. फाटा वाचणार होता. मामंजींनी पगडी सारखी केली.

"दोन्ही नाही साहेब. सकाळी रोजच्याहून कमी होते, ती माझी चूक. आता रोजच्याहून जास्त आहेत, ती यांची मेहेरबानी. काहींना वाटलं माझ्या घरी सुतक आहे. काहींना त्या अम्मानं ओढून आणलंय. तिकीट पुष्कळांकडे नसेल."

"मग मी लिहू काय?"

"दोन्ही लिहा."

साहेब हसले नाहीत. त्यांनी टिपणाची वही खिशात घातली आणि मामंजींना नमस्कार केला. आमच्या पद्धतीनं, दोन्ही हात जोडून. त्यांच्या पत्नींनी पेरूंची टोपली सांभाळून उचलली. म्हातारीच्या परतीचा प्रश्न होता. ती आमच्याकडे राहिली. सासूबाईंना तिनं मामंजींच्या मूर्खपणाची सगळी हकीकत सांगितली आणि सासूबाईंना खूप वर्षांनी कोणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पुढे हुकूम आला: फाट्यावरची पॅसेंजर पुढील आदेशापर्यंत चालू ठेवावी. मामंजींनी पेढे वाटले नाहीत. म्हणाले, "साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही."

तो प्रश्न त्यांना सोडत नव्हता. जेवताना मध्येच हात थांबायचा. "दोर सगळ्या देशानं का आणायचा?" सासूबाई म्हणत, "आता भात निवतो आहे, तो खा." असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा मी माहेराहून आले. सामान ओसरीवर होतं, मी पाणी पीत होते. मामंजींनी विचारलं, वाटेत कुठली कुठली गावं लागली? मी सांगितली, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी, झाशी, मधली जेवढी आठवली तेवढी.

"इटारसीत तुला कोणी ओळखतं?"

"नाही, मामंजी."

"त्यांनी तुझं तोंड पाहिलेलं नाही. पण तू ज्या रुळांवरून आलीस, त्यात त्यांचाही पैसा आहे. त्यांनी विचारलं का, मिरजेची पोर ग्वाल्हेरला गेली तर आम्हाला काय मिळालं?" माझ्या हातातलं रिकामं फुलपात्र त्यांनी घेतलं. "हे त्या दिवशी सुचायला हवं होतं. कडुनिंबाखाली."

मी म्हटलं, साहेबांना पत्र लिहा. त्यांनी मान हलवली. "इतक्या उशिरा उत्तर पाठवलं तर त्यांना वाटेल, मी भांडतोय."

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला आणि राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्या गेल्या, त्यांच्याबरोबर माणसं गेली. माझे यजमान सचिवालयात होते, त्यांचीही बदली झाली. मी शाळेसाठी आणि घरातल्या दोन म्हाताऱ्यांसाठी मागे राहिले. फाट्यावरचे लोक ग्वाल्हेरला यायचे ते दाव्यांसाठी, दाखल्यांसाठी, अर्जांसाठी. ती कामं आता दुसरीकडे होती. शिवाय सडक झाली, मोटारी सुरू झाल्या. मामंजी निवृत्त झाले होते, तरी त्यांचा रविवार चुकला नव्हता. घरी येऊन ते आता फारसं काही सांगत नसत. एकदा सासूबाईंनी आपणहून विचारलं, "काय, आज कोणाचे कान?" ते म्हणाले, "आज मी आणि गार्ड."

पॅसेंजर बंद होण्याची बातमी आली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मी त्यांना ती वर्तमानपत्रातून वाचून दाखवली. लपवावी असं मला वाटलं नाही. त्यांना आवडलं नसतं.

"कारण काय दिलंय?"

"प्रवासी नाहीत."

"खरं आहे," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "या खेपेला कोणी बघायला आलं होतं?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"यायला हवं होतं कोणीतरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पाहुणा दारावरून न थांबता निघून गेला तर माणूस जसं म्हणतो, तसं ते म्हणाले. मग त्यांनी कूस बदलली. त्या हिवाळ्यातच ते गेले. स्मशानात नेताना त्यांच्या उशाशी पगडी ठेवायची राहत होती. सासूबाईंनी ती आतून आणून दिली.

सासूबाई गेल्या त्यालाही आता खूप वर्षं झाली. यजमान गेल्या साली गेले. घरात मी आहे आणि पुस्तकं आहेत. हे सगळं मी हळूहळू लिहिते आहे, कारण एका बैठकीत ते मला होत नाही.

फाट्याचे रूळ नंतर उचलून नेले. त्याच्या भरावावर आता डांबरी रस्ता आहे. तहसिलीच्या गावाला जाणारी खासगी बस तिथून सुटते. ती भरल्याशिवाय निघत नाही.